ऊस वाहतूक : फडापासून गव्हाणीपर्यंत सुरक्षितपणे

(गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी बारामती व इंदापूर तालुक्यांतील ऊस उत्पादक, ट्रॅक्टरमालक व वाहनचालक यांच्यासमोर दिलेले भाषण)



आपल्याकडे लागवडीपासून तोडणीपर्यंत उसाबद्दल पुष्कळ बोलले जाते. बेणे कोणते निवडावे, सरी किती फुटांची ठेवावी, खोडव्यात पाचट कसे ठेवावे, यावर दर महिन्याला चर्चासत्रे होतात. पण ऊस फडातून निघून कारखान्याच्या गव्हाणीत पडेपर्यंतच्या पंधरा-वीस किलोमीटरबद्दल फारसे कोणी बोलत नाही. तो कारखान्याचा विषय, मुकादमाचा विषय, असे म्हणून आपण मोकळे होतो. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च आपल्याच एफआरपीतून कापला जातो. म्हणजे ती वाहतूक आपल्या पैशाने चालते. पैसा आपला असेल तर ती कशी चालावी हे सांगण्याचा अधिकारही आपला आहे.

आपला भाग नजरेसमोर आणा. मालेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा श्री छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, शेटफळगढ्याचा बारामती ॲग्रो, एवढे कारखाने या दोन तालुक्यांत आहेत. हंगामात या सर्वांची वाहने एकाच वेळी रस्त्यावर येतात. त्यात बैलगाड्या असतात, ट्रॅक्टरमागे जोडलेले दोन-दोन ट्रेलर असतात, ट्रक असतात. त्याच रस्त्यावरून दुधाचे टँकर जातात, इंदापूरची डाळिंबे आणि भिगवणची मासळी घेऊन निघालेले टेम्पो जातात, शाळेची मुले सायकलवर जातात. पुणे-सोलापूर महामार्ग, जो पूर्वी क्रमांक ९ होता आणि आता ६५ आहे, तो भिगवण आणि इंदापूरवरून जातो. पाटस-बारामती-इंदापूर-अकलूज या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या कामाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. रस्ता रुंद झाला ही चांगलीच गोष्ट आहे. पण रुंद रस्त्यावर मोटारीचा वेग वाढतो, आपल्या ट्रेलरचा वेग मात्र होता तेवढाच राहतो. दोन वाहनांच्या वेगातला हा फरकच आता जास्त घातक झाला आहे.

अंधारातला ट्रेलर

सगळ्यात आधी मी मागच्या दिव्याबद्दल आणि लाल पट्टीबद्दल बोलणार आहे. ब्रेकबद्दल नंतर सांगतो. याचे कारण असे की, ऊस वाहतुकीत मरणारा माणूस पुष्कळदा ट्रॅक्टरवर नसतो. तो मागून येणारा मोटारसायकलस्वार असतो, आणि बहुतेक वेळा आपल्याच पंचक्रोशीतला असतो.

थोडा हिशेब करू. मोटारसायकल ताशी ६० किलोमीटर वेगाने येत असेल तर ती एका सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद तरी जातो. म्हणजे २५ मीटर अंतर नुसते समजण्यातच गेले. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. एकूण झाले ४५ ते ५० मीटर. डिपरच्या उजेडात पाचटाच्या रंगाचा, धुळीने माखलेला, दिवा नसलेला ट्रेलर दिसतो साधारण तीस-चाळीस मीटरवरून. समोरून एखाद्या ट्रकचा प्रखर उजेड डोळ्यांवर येत असेल तर तेवढाही दिसत नाही. म्हणजे तो मोटारसायकलस्वार कितीही सावध असला, दारू प्यायलेला नसला, तरी तो थांबू शकत नाही. हा हिशेब घरी जाऊन आपल्या मुलांसमोर करून पाहा. तीच मुले संध्याकाळी क्लासहून त्याच रस्त्याने परत येतात.

याच ट्रेलरला मागे चांगल्या प्रतीची परावर्तक पट्टी असेल तर तो शे-दीडशे मीटरवरून चमकतो. पट्टी मागे लाल, बाजूने पिवळी आणि पुढे पांढरी असावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०४ परावर्तकासंबंधीच आहे, त्यामुळे ही काही ऐच्छिक गोष्ट नाही. परंतु पट्टी लावली की काम संपले असे समजू नये. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात लावलेली पट्टी जानेवारीत पाहिली तर तिच्यावर चिखलाचा आणि मळीचा थर बसलेला असतो. शिवाय उसाची शेंडे मागे दोन-तीन फूट लोंबतात आणि पट्टी, दिवा, नंबर सगळेच झाकून टाकतात. म्हणून ट्रेलर भरून झाल्यावर चालकाने दहा पावले मागे जाऊन पाहावे. पट्टी दिसत नसेल तर कोयत्याने शेंडे छाटावेत. रोज पहिल्या खेपेआधी ओल्या फडक्याने पट्टी पुसावी. एवढ्यासाठी खर्च काहीच नाही.

दोन ट्रेलर असतील तर मागच्या ट्रेलरची वायर पुष्कळदा तुटलेली असते, कारण ती हुकाजवळ ओढली जाते. ती थोडी सैल ठेवून, रबरी नळीतून घ्यावी. वायर जोडणे शक्यच नसेल त्या दिवशी बॅटरीवर चालणारा लाल लुकलुकणारा दिवा तारेने बांधावा. लाल कापड दिवसा ठीक आहे, रात्री त्याचा उपयोग शून्य.

बंद पडलेले वाहन आणि चाकाखालचा दगड

चालत्या ट्रेलरपेक्षा उभा ट्रेलर अधिक वाईट. टायर फुटला, आटा तुटला की चालक ट्रॅक्टर सोडून घेतो, चाकाला दगड लावतो आणि ट्रेलर डांबरी रस्त्यावर तसाच ठेवून मेकॅनिक आणायला जातो. रात्रभर तो तिथेच उभा. अशा वेळी ट्रेलरपासून निदान ५० मीटर मागे, आणि महामार्गावर त्याहून जास्त अंतरावर, परावर्तक त्रिकोण ठेवावा. त्रिकोण नसेल तर रिकाम्या डब्यांना उरलेली पट्टी चिकटवून ते ओळीने ठेवावेत. एक माणूस टॉर्च घेऊन तिथे थांबलाच पाहिजे. मात्र त्याने ट्रेलरच्या मागे उभे न राहता रस्त्याच्या कडेला, साइडपट्टीच्या बाहेर उभे राहावे.

आणि तो दगड! वाहन दुरुस्त होते, चालक निघून जातो, दगड रस्त्यातच राहतो. पहाटे दूध घालायला निघालेला माणूस त्या दगडावर पडतो. हे इतके नेहमीचे झाले आहे की त्याबद्दल कोणाला काही वाटेनासे झाले आहे. मी तर म्हणतो, दगड वापरूच नये. बाभळीच्या लाकडाचे दोन त्रिकोणी ठोकळे करून घ्यावेत, त्यांना दोरी बांधावी आणि दोरीचे दुसरे टोक ट्रेलरला बांधावे. ट्रेलर हलला की ठोकळा आपोआप मागे येतो.

ट्रॅक्टरचा ब्रेक काय करू शकतो

पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन दोन-सव्वादोन टन असते. त्याच्यामागे दोन भरलेले ट्रेलर मिळून सोळा ते वीस टन भार असतो. ब्रेक आहे फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. बहुतेक ट्रेलरना स्वतःचा ब्रेक नसतो, किंवा असला तरी तो जोडलेला नसतो. म्हणजे दोन टनांच्या जनावराने वीस टनांचे ओझे थोपवायचे. चढावर हे ओझे मागे ओढते आणि ट्रॅक्टरचे तोंड उचलते. उतारावर तेच पुढे ढकलते. ढकलताना ट्रॅक्टर जरा जरी तिरका असेल तर ट्रेलर त्याला बाजूला लोटतो आणि दोघे चाकूच्या पात्यासारखे मिटतात. पूल, कालव्याची चढण, साखळीतले उतार या ठिकाणी हे घडते.

यावर उपाय वेगाचा आहे. वेग दुप्पट झाला की थांबण्यासाठी लागणारे ब्रेकचे अंतर चौपट होते, हे गणित लक्षात ठेवावे. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. अर्ध्या उतारावर गिअर बदलण्याचा प्रयत्न करू नये, कारण गिअर पडला नाही तर वाहन मोकळे सुटते. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये वाहन सोडण्याची सवय काही चालकांना असते. ट्रॅक्टरला तर ती वाईटच, पण भाजीपाला घेऊन रात्री वाशीला जाणाऱ्या टेम्पोचालकांनी बोरघाटात असे केले तर ब्रेक तापून निकामी होतात. इंजिन बंद केले तर ब्रेकला मिळणारी हवेची किंवा व्हॅक्यूमची मदतही जाते.

आणखी एक बारीक गोष्ट, जी नवीन चालकाला कोणी सांगत नाही. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडल असतात. डावे आणि उजवे. शेतात वळण घेताना एका बाजूचे दाबावे म्हणून ती वेगळी ठेवलेली असतात. रस्त्यावर येताना ती खिट्टीने एकत्र जोडलीच पाहिजेत. न जोडता जोरात ब्रेक मारला आणि पाय एकाच पेडलवर पडला तर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. बांध ओलांडून डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी खिट्टी लावायची, हे हाताला वळण लागले पाहिजे.

हुकाच्या पिनेचेही तसेच. पीन झिजते, बुशाचे भोक लांबट होते. चालक सांगतो, "मालक, पीन खायला लागलीय." मालक म्हणतो, "एवढी खेप टाकून ये, मग बघू." पुढची खेप आली की पुन्हा तेच. पिनेला खालून लॉक, म्हणजे आर-क्लिप, असलीच पाहिजे. तिच्या जागी खिळा किंवा तार चालत नाही. शिवाय ट्रॅक्टर आणि ट्रेलर यांच्यामध्ये एक मजबूत साखळी टाकावी. पीन निघालीच तर ट्रेलर साखळीवर राहतो, समोरून येणाऱ्या एसटीवर जात नाही.

जास्त भरण्यात कोणाचा फायदा

वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. ट्रॅक्टरवर बँकेचा हप्ता असतो, मुकादमाला दिलेली उचल अंगावर असते. त्यामुळे एका खेपेत जास्तीत जास्त ऊस न्यावा असे मालकाला वाटणे स्वाभाविक आहे. त्याला दोष देऊन उपयोग नाही, पण हिशेब पुरा करावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंड आहे. माल बाजूने, मागे किंवा उंचीने मर्यादेबाहेर आला तर त्यालाही २० हजारांचा दंड आहे. ट्रकच्या बाबतीत जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मर्यादा वाढवून दिली. तीन आसांच्या ट्रकला एकूण वजन २५ टनांऐवजी २८.५ टन झाले. वाढीव मर्यादा मिळाली तशी तिच्यावरही वर भरण्याची सवय लागली, हे आपण पाहतोच. टायर, पाटे आणि क्लच यांचा खर्च धरला तर वरचे दोन टन फारसे काही मिळवून देत नाहीत.

उंच भरलेल्या उसाचा दुसरा धोका वरच्या तारांचा. शेतातल्या लोंबणाऱ्या तारेला मोळी लागली की वाळलेले पाचट पेटायला वेळ लागत नाही. आपल्या फडात तार लोंबत असेल तर तोड येण्याआधीच वीज कंपनीकडे लेखी अर्ज द्यावा.

येथे शेतकऱ्याच्या हातातली आणखी एक गोष्ट सांगतो. तोडणीपूर्वी साधारण पंधरा दिवस पाणी तोडावे, हे आपण साखर उतारा आणि वजनासाठी ऐकत आलो आहोत. त्याचा वाहतुकीशीही संबंध आहे. ओल्या काळ्या रानातून ट्रेलर काढताना तो रुततो, कलतो, दोन ट्रॅक्टर लावून ओढावा लागतो आणि पीन बहुधा त्याच वेळी वाकते. चाकांबरोबर आलेला चिखल डांबरी रस्त्यावर पसरतो आणि त्यावर दुचाकी घसरतात. रान वाळलेले असेल तर हे सगळे टळते. कालव्याच्या भरावावरून वाट असेल तर काठापासून निदान दोन-अडीच फूट आत चाक राहील अशी खुणेची काठी रोवावी. एंट्रीचे आणि खुशालीचे पैसे आपण कुरकुरत का होईना देतो. देतानाच चालकाला, "दादा, मागचा दिवा लाव, मग निघ," एवढे सांगितले तर तो ऐकतो.

झोप, दारू आणि गाणी

कारखान्यावर नंबर लागायला कधी दहा-बारा तास जातात. त्या वेळात चालक धड झोपत नाही. वजन झाले, गाडी रिकामी झाली की लगेच परतीला निघतो, कारण फडात टोळी वाट पाहत असते. पहाटे दोन ते पाच या वेळात माणसाच्या शरीराला झोप हवीच असते. चहा, तंबाखू, तोंडावर पाणी यांनी ती थोडीशी लांबते, जात नाही. डुलकी येणारा माणूस आपण जागे आहोत असेच समजत असतो. जांभया येणे, गेलेला फाटा न आठवणे, चाक साइडपट्टीवर उतरणे, ही लक्षणे दिसली की वाहन रस्त्याबाहेर घेऊन वीस मिनिटे झोपावे. मोटर परिवहन कामगार कायदा, १९६१ ने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. हंगामात हे कोण पाळतो, असे तुम्ही म्हणाल. निदान एका ट्रॅक्टरवर दोन चालक ठेवावेत, ही माझी मालकांना विनंती आहे. केनयार्डमध्ये चालकांसाठी निवारा, पाणी आणि झोपण्यापुरती जागा असावी, ही मागणी सभासदांनी वार्षिक सभेत करावी. ती मागणी कोणी करताना मी फारसे ऐकलेले नाही.

दारूबद्दल कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाण्यांबद्दल एवढेच सांगतो, की मोठ्या आवाजातल्या साउंड सिस्टीममुळे मागच्या एसटीचा हॉर्न ऐकू येत नाही. उसामुळे आरसा झाकलेला, कान गाण्यांनी भरलेले. मग मागे काय चालले आहे ते चालकाला कळणार कसे?

महामार्गावर दोन किलोमीटरचा वळसा वाचवण्यासाठी उलट्या बाजूने ट्रेलर नेणे हा प्रकार भिगवण-इंदापूर पट्ट्यात सर्रास आहे. रात्री समोरून येणाऱ्याला दोन दिवे दिसतात आणि तो समजतो की ती पलीकडची वाहने आहेत. याला काही उपाय सांगण्यासारखा नाही, ते बंद करावे.

माणसे उसावर बसवू नका

बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात त्या संसारासह येतात. भांडी, शेळ्या, लहान लेकरे सगळे ट्रेलरमध्ये किंवा ट्रकवर. हंगामातही फडावरून कोपीवर जाताना बाया-माणसे भरलेल्या उसावर बसतात. लेकरू पेंगते आणि घसरते. मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात सांगितले आहे. म्हणजे भरपाई मालकाच्या खिशातून, आणि ती पेलली नाही तर त्या कुटुंबाला काहीच नाही. टोळी आणताना प्रवासी वाहन ठरवावे, सामान ट्रेलरमध्ये न्यावे. खर्च वाढतो, हे मला मान्य आहे.

चालत्या ट्रेलरमागे पळत ऊस ओढणारी मुले सर्वांनी पाहिली आहेत. आपणही लहानपणी तसेच केले, म्हणून हसून सोडून देतो. तेव्हा बहुधा बैलगाडी असे, आता दोन ट्रेलर असतात आणि ऊस ओढताना मूल मागच्या चाकाकडे खेचले जाते. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी शिक्षकांनी हे सांगावे. चालकाने शाळेजवळ वेग कमी करावा, आणि दोन मोळ्या स्वतःहून द्याव्यात हवे तर.

अठरा वर्षांखालील मुलाला ट्रॅक्टर देणाऱ्यांसाठी कलम १९९अ आहे. पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. पिकअप चालवणाऱ्यांसाठी एक दिलासा असा की, ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, असा निर्णय घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. ट्रकला मात्र अवजड वाहनाचाच परवाना लागतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपये मिळतात. परंतु शेतकरी स्वतः वाहन चालवत असेल तर परवाना पाहिला जातो, आणि दारूच्या अमलाखालचा अपघात त्यात बसत नाही.

अपघात झालाच तर १०८ किंवा ११२ वर, आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर फोन करावा. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस अडकवतात, ही भीती अजून आहे. २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १३४अ अशा माणसाला संरक्षण देते. नाव सांगण्याचीही सक्ती नाही. मे २०२५ पासून रस्ता अपघातातील जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची योजनाही लागू झाली आहे. ही माहिती कारखान्याच्या काट्यावर फलकावर लिहून लावावी.

आता बोलणे पुरे करतो. ज्यांनी ट्रॅक्टर-ट्रेलर बरोबर आणले आहेत त्यांनी ते बाहेर पटांगणात सावलीला लावावेत. पत्रा ब्रशने घासून, डिझेलचा तेलकटपणा साबणाने धुऊन, पूर्ण वाळल्यावरच पट्टी चिकटते. तेलकट पत्र्यावर लावलेली पट्टी आठ दिवसांत निघते. ती कशी लावायची ते मी आता प्रत्यक्ष दाखवणार आहे. पेडलच्या खिट्ट्या आणि हुकाच्या पिनाही त्याच वेळी पाहून घेऊ.